‘मी शहाण्यासारखा वागलो तर तू परत जाणार नाहीस ना?’

प्रश्न : माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. तीन महिन्यांपूर्वी मला मुलगी झाली. प्रसूतीच्या वेळी गुंतागुंत झाल्यामुळे मला रात्रीच्या रात्री रुग्णालयात न्यावे लागले आणि मी जवळजवळ दोन आठवडे तिथे होते. तेवढे दिवस मुलगा माझ्या सासूबाईंजवळ राहिला. मी घरी आल्यावर काही दिवसांतच त्याची बालवर्गाची शाळा सुरू झाली. आता रोज सकाळी त्याचे पोट दुखते, शाळेच्या दारात तो मला सोडत नाही, वर्षभर कोरडे राहिलेले अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले आहे आणि संध्याकाळी लहानसहान कारणावरून तो वस्तू फेकतो. शाळेतल्या बाई मात्र सांगतात की तो वर्गात अगदी शहाणा असतो. माझ्या पतींचे म्हणणे असे की त्याला फार गोंजारू नये, नाहीतर तो हळवा होईल. तो रडू लागला की सासूबाई त्याच्या हातात मोबाइल देतात. त्याच्यापर्यंत ताण पोहोचूच नये यासाठी काय करावे, आणि त्याचे मन खंबीर कसे करावे? परवा झोपताना तो म्हणाला, ‘मी शहाण्यासारखा वागलो तर तू परत जाणार नाहीस ना?’ मी ‘नाही जाणार’ म्हटले आणि तो झोपला. – एक आई

उत्तर : सप्रेम नमस्कार.

पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावे तसे तुम्ही लिहिलेले मुलाचे वाक्य मला साऱ्या पत्रात सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. पोटदुखी, ओले अंथरूण, फेकाफेक आणि शाळेतला तो अतिशहाणपणा या चारही गोष्टींचा धागा त्या एका प्रश्नात आहे. एका सकाळी तो उठला तेव्हा आई घरात नव्हती. का नव्हती, याचे उत्तर त्याने आपल्या वयाच्या बुद्धीने शोधले, आणि ते असे की आपले काहीतरी चुकले म्हणून आई गेली. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने साधारण दोन ते सात या वयातल्या मुलांच्या विचारपद्धतीचे जे वर्णन केले, त्यात हे ठळकपणे येते. भोवतालच्या घटनांचा केंद्रबिंदू आपणच आहोत, आपल्या वागण्यामुळे किंवा नुसत्या मनात आल्यामुळेही गोष्टी घडतात, असे या वयात मुलांना मनापासून वाटते. आदल्या संध्याकाळी त्याने हट्ट केला असेल, किंवा ‘मला बाळ नको’ असे तो म्हणाला असेल, आणि दुसऱ्या दिवशी आई नाहीशी झाली. त्याच्या लेखी या दोन गोष्टींचा संबंध सरळ आहे.

तेव्हापासून तो स्वतःवर पहारा ठेवून आहे. वर्गात तो शहाणा असतो, कारण शहाणे राहणे ही त्याच्या मते आई घरी असण्याची अट आहे. चार-सव्वाचार वर्षांच्या मुलाने काही तास अशी अट सांभाळायची म्हणजे केवढे ओझे! संध्याकाळी ते ओझे जिथे उतरवता येईल अशी त्याला खात्री वाटते, तिथे तो ते टाकतो. शाळेत गुणी आणि घरी तापट असलेली मुले पालकांना कोड्यात टाकतात. पण ज्या माणसाजवळ सुरक्षित वाटते त्याच्याचपुढे मूल मोकळे होते.

तुम्ही ‘नाही जाणार’ म्हणालात ते त्याला निजवण्यापुरते पुरेसे होते आणि कोणतीही आई त्या क्षणी तेच म्हणाली असती. मात्र त्या उत्तराने त्याची अट तशीच राहिली. ती अट काढून टाकणे हे आता पहिले काम आहे. दोघेही निवांत असताना, अंघोळीच्या वेळी किंवा कपड्यांच्या घड्या करताना, त्याच्याकडे रोखून न पाहता साध्या आवाजात सांगा : ‘मी दवाखान्यात गेले, कारण मला आणि बाळाला डॉक्टरांची मदत लागणार होती. तू काही केलंस म्हणून मी गेले नव्हते. तू रडलास, चिडलास, खेळणं फेकलंस, तरी त्यामुळे मी कुठे जाणार नाही.’ यावर तो काही बोलणार नाही, किंवा गाडी घेऊन खेळायला निघून जाईल. त्याला थांबवू नका. त्याने ऐकलेले असते. हीच गोष्ट निरनिराळ्या वेळी, थोड्याफार फरकाने, पुष्कळदा सांगावी लागेल, कारण या वयात एकदा ऐकलेल्या खुलाशाने खात्री पटत नाही.

‘मी तुला सोडून कधीच कुठे जाणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका. ते पाळता येणार नाही, आणि मोडले की पुढच्या शब्दांची किंमत जाते. त्याऐवजी पाळता येईल असे सांगा : ‘मला जावं लागलं तर मी तुला सांगून जाईन. तू झोपेत असशील तर उठल्याबरोबर आजी तुला सांगेल. तुझ्याजवळ आजी किंवा बाबा असतीलच आणि काम झालं की मी परत येईन.’ घरातल्या सर्वांना आणखी एक विनंती करा. ‘असं वागलास तर आई निघून जाईल’, ‘बाळालाच जवळ घेऊ, तू नकोस’ अशी वाक्ये गमतीनेही कोणी उच्चारू नयेत. मोठ्यांच्या दृष्टीने ती थट्टा असते. या मुलाच्या दृष्टीने तो पुरावा ठरेल.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. ताण मुलापर्यंत पोहोचूच नये अशी व्यवस्था करता येत नाही आणि करण्याची गरजही नाही. हार्वर्ड विद्यापीठातील बालविकास केंद्राने मांडलेली तीन प्रकारची विभागणी इथे उपयोगी पडते. शाळेचा पहिला दिवस, लस टोचणे, हातातले खेळणे दुसऱ्याने घेणे अशा प्रसंगी येणारा थोडा वेळचा ताण हा वाढीचाच भाग असतो. आजारपण, ताटातूट, जवळच्या माणसाचा मृत्यू अशा प्रसंगांचा ताण मोठा असतो. पण सोबत देणारे माणूस असेल तर तो सोसता येतो आणि मेंदू व शरीर त्यातून सावरते. अपाय होतो तो तिसऱ्या प्रकाराने, म्हणजे मारहाण, उपेक्षा, घरातला हिंसाचार अशा तीव्र आणि सतत चालणाऱ्या ताणाने, ज्यात मुलाला आधार देणारे कोणीच नसते. तुमच्या मुलाचा ताण मधल्या प्रकारचा आहे. तो खरा आहे आणि कमी लेखण्यासारखा नाही, पण त्याच्याभोवती तीन मोठी माणसे आहेत ही त्याची फार मोठी जमेची बाजू आहे.

हे नुसते धीर देण्यासाठी म्हणत नाही. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी कित्येक दशके पाठपुरावा केला. त्यांतली जी मुले गरिबी, जन्मावेळची गुंतागुंत, आईवडिलांचे आजार किंवा भांडणे अशा अनेक अडचणींत वाढली, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे समर्थ, आत्मविश्वास असलेली आणि दुसऱ्यांची काळजी घेणारी माणसे झाली. या मुलांच्या आयुष्यात आढळलेल्या आधारांपैकी एक ठळक आधार म्हणजे लहानपणी त्यांना जीव लावणारे, भरवशाचे निदान एक तरी माणूस होते, आणि ते माणूस कित्येकदा आजी-आजोबांपैकी, नात्यातले किंवा शेजारचेही होते.

तुमच्या पतींची भीती प्रामाणिक आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवे. गोंजारल्याने मूल दुबळे होईल, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात भीती वाटली की मेंदूतील अमिग्डला हा भाग धोक्याची सूचना देतो, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात, हृदय जोरात धडधडते, स्नायू ताठरतात आणि पचनक्रियेवर परिणाम होतो. सकाळची पोटदुखी हे अनेकदा सोंग नसते, ती या बिघाडातून आलेली खरी कळ असते. या साऱ्याला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग वयाच्या पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत राहतो. चार वर्षांच्या मुलाला ‘स्वतःला सावर’ असे सांगणे म्हणजे जे अवयव अजून घडायचे आहेत त्यांच्याकडून काम मागणे होय. तो आधी शांत होतो तो मोठ्या माणसाच्या शांतपणाच्या आधाराने. असे शेकडो वेळा झाल्यावर ती रीत हळूहळू त्याच्या अंगवळणी पडते. पोहायला शिकवताना पाठीखाली हात धरतात, मग तो हलका करतात, मग काढून घेतात; पहिल्याच दिवशी हात काढला तर मूल पोहायला शिकत नाही, पाण्याला घाबरायला शिकते.

जवळ घेणे म्हणजे सारे चालवून घेणे नव्हे, हेही त्यांना सांगा. भावना कोणतीही चालेल, पण प्रत्येक कृती चालणार नाही, एवढी रेघ घरात स्पष्ट असावी. संध्याकाळचा एखादा प्रसंग डोळ्यांपुढे आणू. बाहेरून आल्यावर त्याच्या बुटाचा पट्टा अडकला आहे. दोनदा ओढूनही तो निघत नाही. तो बूट तसाच खेचून काढतो आणि भिंतीवर फेकतो. आवाजाने बाळ दचकून रडू लागते. इथे पहिला मोह असतो तो बाळाकडे धावत जाताना त्याच्यावर ओरडण्याचा. बाळ आजीने किंवा बाबांनी उचलावे आणि तुम्ही त्याच्याजवळ खाली बसावे, म्हणजे तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या उंचीला येईल. दुसरा बूट फेकायला हात उचलला असेल तर तो हात हलकेच, पण पक्का धरा. ‘फेकायचं नाही. पट्टा निघेना म्हणून राग आला ना?’ एवढेच बोला. यापुढे समजावणे, विचारपूस, उपदेश काही नको, कारण त्या क्षणी ते त्याच्या कानांवरून जाते. तो ढकलेल, तर थोडे मागे सरका, पण उठून जाऊ नका. पहिला आवेग ओसरला की रागाच्या जागी रडू येते. बहुतेक मुले त्या वेळी आपण होऊन जवळ येतात. मग पाठीवरून हात फिरवा. पाणी प्यायल्यावर, दोघांनी मिळून तो बूट जागेवर ठेवा आणि पट्टा कसा सुटतो ते त्यालाच करून बघू द्या. अडकल्यावर ‘मला मदत कर’ असे म्हणता येते, हे शिकवण्याची वेळ ती आहे, फेकाफेकीच्या ऐन मध्यावरची नव्हे.

भावनेला नाव देण्याचा आग्रह मी धरते, त्यामागे थोडे कारण आहे. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रौढांवर केलेल्या मेंदूप्रतिमांच्या अभ्यासात, समोर दिसणाऱ्या भावनेला शब्द दिला की अमिग्डलाची प्रतिक्रिया मंदावते असे आढळले. लहान मुलाजवळ शब्दच मोजके असतात, म्हणून सुरुवातीला ते आपण पुरवायचे : राग आला, धास्ती वाटली, कंटाळा आला, एकटं वाटलं. आपला अंदाज चुकला तर मूल ठणकावून ‘नाही!’ म्हणते, आणि तेही चांगलेच असते.

शाळेच्या दारातला निरोप हा तुमच्या दिवसातला सर्वांत कठीण भाग दिसतो. त्याची नजर चुकवून निघून जाऊ नका, कोणी कितीही सुचवले तरी. तुम्ही एकदा न सांगता नाहीशा झालेल्या आहात, त्यात तुमचा काही इलाज नव्हता. पण आता तीच गोष्ट रोज घडली तर तो डोळ्याला डोळा लावू देणार नाही. निरोप थोडक्यात, ठरलेल्या पद्धतीने आणि रोज सारखाच असावा : एकदा मिठी, हाताच्या तळव्यावर एक पापा, ‘येते मी’ आणि पाठ फिरवणे. दाराशी रेंगाळणे, पुन्हा वळून येणे, डोळे पुसत उभे राहणे यांतून त्याला एवढेच कळते की ही जागा आईलाही भीतीची वाटते. बाईंशी आधी बोलून ठेवा, म्हणजे रोज एकाच व्यक्तीने त्याला दाराशी घ्यावे आणि लगेच हाताला काही काम द्यावे. ‘बारा वाजता येईन’ याला त्याच्या दृष्टीने अर्थ नाही. ‘डबा खाऊन झाला, गोष्ट ऐकून झाली, की मी दाराशी असेन’ याला अर्थ आहे, आणि मग त्या वेळी खरोखरच दाराशी असा. तुमचा एखादा हातरुमाल त्याच्या दप्तरात राहू द्या. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने अशा मऊ, ओळखीच्या वस्तूंचे महत्त्व फार पूर्वी दाखवून दिले आहे; ती लाजिरवाणी सवय नसून आईपासून दूर राहण्याच्या वाटेवरचा टप्पा आहे.

पोट दुखते म्हणाला तर ‘काही झालेलं नाही’ म्हणू नका. पोटावर हात ठेवा, ‘शाळेत जायच्या वेळी तुझ्या पोटात गोळा येतो, हो ना’ म्हणा, आणि ताप, उलटी, जुलाब असे काही नसेल तर शाळेत न्याच. भीती वाटते म्हणून घरी ठेवले की त्या दिवशी सुटका होते, पण दुसऱ्या दिवशी भीती वाढलेली असते.

सासूबाईंच्या मोबाइलबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. दोन आठवडे त्यांनी एकटीने या मुलाला सांभाळले, घरही पाहिले, आणि रडणारे मूल पाहवत नाही ही मायाच आहे. तरीही पडद्याने रडणे थांबते एवढेच. रडण्यातून बाहेर कसे यायचे याचा सराव प्रत्येक वेळी हुकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांचा पडद्यापुढचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तितके बरे. आणि दिवसभरात १० ते १३ तास झोप हवी. ही झोप पुरी होते का हे आधी बघा, कारण अपुऱ्या झोपेच्या मुलापुढे वरचे सारे उपाय लंगडे पडतात.

सासूबाईंकडून मात्र एक मोठी गोष्ट मिळू शकते. तुम्ही नसताना तो काय विचारत होता, रात्री कसा झोपत होता, कोणत्या वेळी रडत होता, हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे. त्यांच्याजवळ बसून ते विचारून घ्या, आणि मग त्या दिवसांची गोष्ट तयार करा. चार-पाच कोरे कागद टाचून त्यांवर साधी चित्रे काढा : आई रात्री गाडीत बसली, तू आजीजवळ झोपलास, तू रडलास, आजीने तुला थोपटलं, दवाखान्यात आई तुझी आठवण काढत होती, आई बाळाला घेऊन घरी आली. चित्रे त्याला रंगवू द्या. ही गोष्ट तो पुन्हा पुन्हा मागेल आणि प्रत्येक वेळी शेवटच्या पानापर्यंत जाऊ द्या. तो आपणहून दवाखाना-दवाखाना खेळू लागला, बाहुलीला टाकून निघून गेला, बाळाच्या बाहुलीला ओरडला, तरी खेळ सुधारू नका, प्रश्न विचारू नका. बोलावले तर सांगेल ती भूमिका करा. जे शब्दांत मांडता येत नाही ते या वयाची मुले खेळात मांडतात, आणि खेळात ती स्वतः ठरवतात की कोण जाणार आणि कोण परत येणार.

दिवसातून पंधरा मिनिटे बाळाला दुसऱ्याकडे देऊन फक्त त्याच्यासोबत बसा. काय खेळायचे ते त्याने ठरवावे. ‘तू आता मोठा झालास’ हे वाक्य काही महिने तरी टाळा. लांब श्वास सोडल्याने हृदयाची गती मंदावते, म्हणून पीस किंवा कागदाचा कपटा फुंकरीने उडवण्याचा खेळ शांत वेळी खेळत जा. सवय झाली की अडचणीच्या वेळी आठवेल. अंथरुणावर पाणी न झिरपणारी चादर घाला, रात्री चादर बदलताना बोलू नका आणि सकाळी त्याचा उल्लेख पाहुण्यांपुढे करू नका.

आता तुमच्याविषयी. गुंतागुंतीच्या प्रसूतीला तीन महिने झाले आहेत, रात्री बाळासाठी उठावे लागते, आणि दिवसभर शांत राहण्याचा सल्ला तुम्हाला देणे सोपे आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ह्या बाळाच्या देवघेवीचे बारकाईने निरीक्षण केले तेव्हा दिसले की निकोप नात्यांतही दोघांचे सूर जुळलेले असण्याचा वेळ सुमारे ३० टक्केच असतो. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणे यांत जातो, आणि या पुन्हा जुळवून घेण्यातूनच बाळाला भरवसा मिळतो. म्हणून ओरडलात तर थोड्या वेळाने त्याच्याजवळ जाऊन ‘मी मघाशी मोठ्यानं ओरडले, तू घाबरलास. मला बोलून सांगता आलं असतं’ असे म्हणा. चिडलेली आईही परत जवळ येते, हे त्याला सध्या प्रत्यक्ष पाहण्याची गरज आहे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, बाळ झोपले तरी तुम्हाला झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल किंवा स्वतःबद्दल वा बाळाबद्दल भीतिदायक विचार येत असतील, तर तुमच्या डॉक्टरांना ते लगेच सांगा. प्रसूतीनंतरच्या नैराश्यावर उपचार आहेत, आणि ते घेणे हा मुलासाठीच्या मदतीचाही भाग आहे.

मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे एकदा आताच न्या. बंद झालेले अंथरूण ओले होणे पुन्हा सुरू झाले की त्यामागे ताण असू शकतो, तसाच मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता आणि क्वचित मधुमेहही असू शकतो. तहान वाढली असेल किंवा वजन उतरले असेल तर त्याच दिवशी दाखवा. पोटदुखीने तो रात्री झोपेतून जागा होत असेल तर तेही सांगा. वरचे उपाय सुरू केल्यावर महिन्याभरात काहीच फरक पडला नाही, त्याचे खेळणे किंवा बोलणे कमी झाले, जेवण सुटले, तो स्वतःला किंवा बाळाला इजा करू लागला, किंवा आलेली कौशल्ये एकामागून एक जाऊ लागली, तर बालमानसतज्ज्ञांची भेट लांबवू नका. जाताना एक छोटी वही बरोबर असू द्या, ज्यात पोट कधी दुखले, सुट्टीच्या दिवशी दुखले का, अंथरूण कोणत्या रात्री ओले झाले, झोप किती झाली आणि त्या दिवशी घरात काय घडले, एवढ्या नोंदी असतील. सासूबाईंनाही बरोबर न्या. डॉक्टर जे विचारतील त्यातले बरेचसे त्यांनाच सांगता येईल.